टांचेच्या हाडास छापील साचा

वसईरोड स्टेशनाच्या पुलावर क्षणभर थांबून दोन्ही बाजूंस नजर टाकली, तर एकाच गांवाचीं दोन निराळीं रूपें दिसतात. पश्चिमेची बाजू नव्या इमारतींनीं बरीच गिळली असली, तरी केळीनारळींच्या वाड्या अजून कोठें कोठें हिरव्या आहेत. पूर्वेस वालीव, गोखिवरें, सातिवली या भागांत लहानमोठ्या कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगा लागल्या आहेत. वाडीवाला माडावर चढतो, आणि गाळ्यांतील कारागीर लोखंडास भोंक पाडतो. या दोघांचा एकमेकांशीं संबंध तो काय, असें कोणासही वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. परंतु गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं जो प्रसंग आला, त्यामुळें उंचावरून पडलेल्या माणसाची टांच आणि गाळ्यांतील भोंक पाडण्याची युक्ति यांची गांठ आमच्या डोळ्यांदेखत पडली. ती हकीकत व तीमागील शास्त्र वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हें घर एकत्र कुटुंबाचें. मधले बंधु माध्यमिक शाळेंत गणित शिकवितात; घरांत लहानथोर सर्व त्यांस नाना म्हणतात. चार वर्षांपूर्वीं गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं माळ्यावरचें मखर काढण्यासाठीं नाना शिडीवर चढले. फरशी ओली होती. शिडी सरकली, आणि नाना सातआठ फुटांवरून उभेच्या उभे खालीं आले. डोकें वांचलें म्हणून सर्वांनीं देवाचे आभार मानले. आत्याबाईंनीं आंबेहळदीचा लेप घातला. पण दुसऱ्या दिवशीं पाऊल टम्म सुजलें व काळेंनिळें पडलें, तेव्हां क्ष-किरणांचें चित्र काढण्यांत आलें. उजव्या टांचेचें हाड दबून फुटलें होतें.

त्या वेळीं शस्त्रक्रिया न करतां पाय बांधून ठेवण्यांत आला. हाड सांधलें, पण वांकडें सांधलें. टांच आंतल्या बाजूस कलली व रुंद झाली. बुटाची बाहेरची कड दोन महिन्यांत झिजूं लागली. फळ्यापुढें उभें राहून एक तास शिकविला, कीं दुसरा तास खुर्चीवर बसून घ्यावा लागे. विरारच्या लोकलमधून उतरून पुलाच्या पायऱ्या चढावयाच्या, तर कठड्याचा आधार सुटेना. पुढें पुढें नाना राजीनाम्याची भाषा बोलूं लागले, तेव्हां घर हादरलें. कारण धाकट्या दोघां मुलांचीं शिक्षणें अजून व्हावयाचीं होतीं.

मुंबईच्या एका सर्जननीं तपासून सांगितलें, कीं टांचेचें हाड कापून सरळ बसवितां येईल. आणि तें कापण्यासाठीं नानांच्याच हाडावर बेतलेला एक साचा छापून घेतां येईल. त्या रात्रीं घरांत सभा भरली. आत्याबाई म्हणाल्या, “साचा मोदकाला असतो, माणसाच्या हाडाला कसला आला आहे साचा?” प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुष्कळ शिकलेल्या माणसांसही त्याचें उत्तर देतां आलें नसतें.

टांचेचें हाड

उत्तर समजण्यास प्रथम टांच समजली पाहिजे. मनुष्याच्या एका पावलांत २६ हाडें असतात. त्यांपैकीं पावलाच्या मागच्या भागांत सात असून, त्या सातांत टांचेचें हाड सर्वांत मोठें आहे. चालतांना प्रथम जमिनीस टेकतें तें हेंच, आणि पोटरीच्या स्नायूची जाड शीर मागून येऊन बिलगते तीही यालाच. परंतु आकारानें मोठें म्हणून तें भरीव आहे असें नव्हे. बाहेर पातळ कवच आणि आंत अनरशासारखी जाळी, अशी त्याची घडण असते. रोजच्या चालण्याचे धक्के सोसण्यास ही जाळी उत्तम. पण माणूस उंचावरून टांचांवर आदळला, कीं घोट्यांतील वरचें हाड पाचरीसारखें तिच्यांत घुसतें व कवच चहूंकडून फुटतें.

या दोन हाडांमधील सांध्याचें महत्त्व आपणांस सहसा कळत नाहीं. पाऊल आंत-बाहेर कलंडतें तें त्या सांध्यामुळें. वाडींतील उंचसखल वाट, समुद्रकांठची वाळू, देवळापुढील खडबडीत फरशी यांवरून आपण न अडखळतां चालतों, तें त्याच्याच बळावर. टांचेच्या मोडींपैकीं सुमारें तीन चतुर्थांश मोडी या सांध्यापर्यंत पोंचतात. म्हणून हाड सांधलें तरी चाल पूर्ववत् होईलच, असें सांगतां येत नाहीं. शिवाय असा पडलेला माणूस बहुधा माडावर चढणारा, परांचीवर काम करणारा किंवा शिडीवर चढलेला गृहस्थ असतो. उभें राहण्यावरच त्याचें पोट अवलंबून असतें. येथेंच एक इशारा देऊन ठेवावासा वाटतो: जो टांचांवर पडला त्याची कंबरही तपासून घ्यावी. तोच धक्का वर चढून पाठीचा मणका दबल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

या मोडीनें वैद्यकास फार दिवस चकविलें आहे. व्हिएन्नाचे लोरेन्झ ब्योलर यांनीं १९३१ सालीं क्ष-किरणांच्या चित्रावर एक कोन मोजण्याची रीत दिली. निरोगी टांचेंत तो साधारण २० ते ४० अंशांचा असतो. हाड दबलें कीं तो कमी होतो. इंग्लंडचे एसेक्स-लोप्रेस्टी यांचा या मोडींवरील मोठा लेख त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. १९९३ सालीं अमेरिकेंतील सँडर्स यांनीं सीटी स्कॅनच्या आधारें मोडींचे वर्ग पाडले. एवढें होऊनही मुख्य प्रश्न सुटला नाहीं, तो हा: हाड मोडल्याबरोबर शस्त्रक्रिया करावी कीं करूं नये?

ब्रिटनमधील २२ रुग्णालयांनीं मिळून १५१ रुग्णांवर केलेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली व ज्यांच्यावर झाली नाहीं, त्यांच्या दुखण्यांत व चालण्यांत दोन वर्षांनंतर म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. मात्र जखम चिघळणें, पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागणें अशा अडचणी शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारें २३ टक्के, तर दुसऱ्या गटांत ४ टक्के निघाल्या. याचें कारण टांचेवरील कातडी. ती पातळ असते, तिच्याखालीं मांस जवळजवळ नसतें, आणि रक्ताचा पुरवठाही बेताचा असतो. अर्थात् टांचेचा आकार अगदींच बिघडलेले रुग्ण त्या प्रयोगांत घेतलेले नव्हते. तेव्हां हा निष्कर्ष सर्वांसच लागू होतो असें नव्हे. परंतु नानांचा पाय आरंभीं नुसता बांधून ठेवला ही कोणाची हयगय होती असें घरांतील मंडळी म्हणत, तें बरोबर नव्हतें, हें मात्र यावरून स्पष्ट होतें.

जिग आणि साचा

आत्याबाईंच्या प्रश्नाचें उत्तर नानांच्या पुतण्यानें दिलें. तो पूर्वेकडील एका गाळ्यांत प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड तयार करण्याचें काम करतो. तो म्हणाला, “आत्याआजी, लोखंडाच्या शंभर पट्ट्यांना एकाच जागीं भोंकें पाडावयाचीं असलीं, तर आम्ही प्रत्येक पट्टी मोजीत बसत नाहीं. आधीं एक जिग करतों. तो पट्टीवर एकाच रीतीनें बसतो, आणि त्यांत पोलादाची एक नळी असते. ड्रिल त्या नळींतूनच जाणार. इकडेतिकडे हलणारच नाहीं. विचार एकदां आणि काम शंभरदां.”

हाडाचा साचा याच जातीचा. परंतु त्यांत एक मोठा फरक आहे. तेथें विचार एकदां आणि कामही एकदांच. तो एका माणसाच्या एकाच हाडावर बसतो, एकदां वापरला जातो, आणि पुढें त्याचा कांहीं उपयोग उरत नाहीं. मग एवढा खटाटोप कशास? कारण पट्टी बिघडली तर दुसरी घेतां येते. टांच बिघडली तर दुसरी मिळत नाहीं. सर्जननें टांच उघडल्यावर त्यास हाडाची एकच बाजू दिसते, आणि तीही जखमेच्या फटींतून. पलीकडच्या बाजूस तळपायाकडे जाणारी रक्तवाहिनी व मज्जातंतु असतात. मांडीस रक्त थांबविणारा पट्टा बांधलेला असतो. तो साधारणतः दीडदोन तासांच्या आंत सोडावा लागतो. अशा वेळीं कोन किती घ्यावा, करवत कोठवर न्यावी याचा हिशेब करीत बसण्यापेक्षां तो आदल्या आठवड्यांत शांतपणें करून ठेवावा, आणि त्या हिशेबाचें फळ हातांत घेऊन शस्त्रक्रियेस उभें राहावें, हें साध्याचें सारें मर्म आहे. साचा हाड कापीत नाहीं. आधीं केलेला विचार तो ऐन वेळीं जागेवर धरून ठेवतो.

साचा घडतो कसा

ही विद्या एका दिवसांत जन्मली नाहीं. इंग्लंडचे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें १९७१ सालीं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें सीटी स्कॅन काढलें. या शोधाबद्दल त्यांस व कॉर्मॅक यांस १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. वस्तु थरावर थर रचून ‘छापण्याची’ कल्पना जपानचे कोडामा यांनीं १९८१ सालीं मांडली, आणि अमेरिकेचे चार्ल्स हल यांस अशा यंत्राचें पेटंट १९८६ सालीं मिळालें. जर्मनींतील आखेन येथें राडरमाखर यांनीं रुग्णाच्या चित्रावरून त्याच्या हाडावर बसणारे साचे करण्याची पद्धति पुढें आणली. तिच्यावरील त्यांचा लेख १९९८ सालचा आहे.

आपल्या महाराष्ट्राचा यांत भाग आहे, हें सांगण्यास आम्हांस विशेष आनंद वाटतो. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेंतील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक अभय कुठे व अस्थिशल्यज्ञ वैभव बागरिया आदि मंडळींनीं अवघड मोडींवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं त्या हाडाची हुबेहुब प्रतिकृति करून तिच्यावर बेत आंखण्याचा प्रयोग केला. त्याची हकीकत २०११ सालीं युरोपांतील एका क्ष-किरणशास्त्राच्या नियतकालिकांत आली. त्या मोडींत खुब्याच्या खोबणीबरोबर टांचेचें हाडही होतें. पवई येथील आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक बी. रवि यांच्या पुढाकारानें २०१४ सालीं ‘बेटिक’ या नांवाचें वैद्यकीय उपकरणांचें केंद्र निघालें, आणि पुणें व नागपूर येथील अभियांत्रिकी संस्था त्याच्याशीं जोडल्या गेल्या. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें कर्करोगानें ग्रासलेलें टांचेचें हाड काढून त्या जागीं टायटेनियम धातूची छापलेली टांच बसविण्यांत आली. नानांच्या बाबतींत हाड बदलावयाचें नव्हतें. आपलें आहे तेंच सरळ करावयाचें होतें.

प्रत्यक्ष रीत अशी. प्रथम दोन्ही पायांचें सीटी स्कॅन काढतात. त्यांत मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ अशा कापांचीं चित्रें मिळतात. काकडीच्या चकत्या एकीवर एक रचून पुन्हां काकडी उभी करावी, त्याप्रमाणें संगणक या कापांपासून अख्खें हाड उभें करतो. मग निरोगी डाव्या टांचेची आरशांतल्यासारखी उलटी प्रतिमा घेऊन ती बिघडलेल्या उजव्या टांचेवर ठेवतात. दोहोंत कोठें व किती अंतर पडलें हें लगेच दिसतें. येथपर्यंतचें काम बरेंचसें संगणकाचें, यापुढचें सर्जनचें. हाड कोठें कापावयाचें, पाचर केवढी काढावयाची, टांच कितपत सरकवावयाची, हें तोच ठरवितो. नानांच्या टांचेस ठरलेली शस्त्रक्रिया मुळांत जुनीच आहे. लिव्हरपूलचे ड्वायर यांनीं १९५९ सालीं वर्णन केल्याप्रमाणें हाडाच्या बाहेरच्या अंगाची एक पाचर काढून ती फट मिटवावयाची, म्हणजे आंत कललेली टांच सरळ होते. नवें आहे तें पाचरीचें माप घेणें.

बेत ठरला, कीं साचा आंखतात. त्याची आंतली बाजू त्या हाडाच्या बाहेरील भिंतीवरच्या चढउतारांस तंतोतंत जुळणारी असते; त्यामुळें तो एकाच जागीं व एकाच रीतीनें बसतो. त्यांत करवतीच्या पात्यासाठीं दोन फटी आणि तारा ठोकण्यासाठीं लहान नळ्या असतात. पुष्कळदां हे साचे एका जातीच्या नायलॉनचे छापतात, कारण तें वाफेच्या निर्जंतुकीकरणाची उष्णता सोसतें. बाजारांतील स्वस्त छपाईयंत्रांत वापरतात तें पीएलए प्लास्टिक सुमारें ६० अंशांवरच मऊ पडूं लागतें, आणि वाफेची उष्णता तर १२१ अंशांच्या वर असते. पुतण्यानें मोठ्या उत्साहानें आपल्या गाळ्यांतल्या यंत्रावर साचा छापून देण्याची तयारी दाखविली होती. डॉक्टरांनीं ती हंसून, पण ठामपणें नाकारली. त्यानें छापलेली टांचेची प्रतिकृति मात्र त्यांनीं पाहण्यासाठीं ठेवून घेतली.

शस्त्रक्रियेच्या दिवशीं

शस्त्रक्रियेचें वर्णन सर्जननीं पुढें आम्हांस सांगितलें. टांचेच्या बाहेरच्या अंगास छेद घेऊन, तेथील मज्जातंतु संभाळून, हाडाची भिंत साफ केली. साचा बसविण्यापूर्वीं ही सफाई फार जपून करावी लागते. मांसाचा एखादा पापुद्रा मध्यें राहिला, तरी साचा तिरपा बसतो, आणि तिरपा साचा चुकीची रेघ मोठ्या खात्रीनें दाखवितो. म्हणून तो तारांनीं पक्का केल्यावर लगेच करवत चालविली नाहीं. आधीं क्ष-किरणांत पाहून तारेची दिशा बेताशीं ताडून घेतली. मगच दोन्ही फटींतून करवत घातली. फटीची खोली आधींच ठरलेली असल्यामुळें पातें पलीकडच्या रक्तवाहिनीकडे जाण्याचा धोका कमी झाला. तरीही शेवटचा पातळ भाग त्यांनीं पटाशीनें, हाताच्या अंदाजानेंच तोडला. पाचर निघाली, फट मिटली, दोन स्क्रू बसले. साध्याचें काम त्यापूर्वींच संपलें होतें.

सहा आठवडे नानांनीं पाय टेकला नाहीं. पुढें कुबड्या, मग काठी, मग नुसते बूट. आज ते सलग दोन तास उभें राहून शिकवितात, आणि राजीनाम्याचा विषय घरांत निघत नाहीं. परंतु सर्व कांहीं पूर्ववत् झालें असें म्हणणें खोटें होईल. खडबडीत वाटेवर पाय अजून अवघडतो. मूळच्या मोडीनें सांध्याचें जें नुकसान झालें, तें हाड सरळ केल्यानें भरून येत नाहीं. डॉक्टरांनीं हें आधींच स्पष्ट सांगितलें होतें, म्हणून कोणाची निराशा झाली नाहीं.

साध्याच्या मर्यादा

नवी गोष्ट पाहिली, कीं ती सर्वत्र लावावी असें मनुष्यास वाटतें. म्हणून साचा कोठें उपयोगी नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ताज्या मोडींत हाडाचे तुकडे सुटे असतात, ते हलतात. हलणाऱ्या भिंतीवर साचा कसा बसावा? तेथें साध्यापेक्षां छापलेल्या प्रतिकृतीचाच उपयोग अधिक. पाहून बेत करावा, धातूची पट्टी आधींच वांकवून ठेवावी. शिवाय ताज्या मोडीवर शस्त्रक्रिया करावयाची असली, तरी सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत बहुधा आठवडा-दोन आठवडे थांबावें लागतें. प्रतिकृति करण्यास तेवढा अवधि पुरतो. पुन्हां, नेहमींचें सीटी स्कॅन रुग्णास निजवून काढतात. उभ्या माणसाची टांच भाराखालीं किती कलते, हें त्यांत दिसत नाहीं. तें उभ्यानें काढलेल्या चित्रांवरून व रुग्णास चालवून पाहावें लागतें.

साध्यानें काप अधिक अचूक येतो, वेळ व क्ष-किरण कमी लागतात, असें आतांपर्यंतचे पुष्कळसे प्रयोग सांगतात. पण ते बहुतेक थोड्या रुग्णांवरचे आहेत. काप अचूक आला म्हणून दहा वर्षांनंतर चाल अधिक चांगली राहतेच, असें अजून कोणी सिद्ध केलेलें नाहीं. खर्चही वाढतो, आणि तयारीस दिवस लागतात. सरळ, सोप्या शस्त्रक्रियेंत अनुभवी हातास साध्याची गरज भासेलच असें नाहीं.

तेव्हां ज्या घरावर असा प्रसंग येईल, त्यानें “साचा आहे का?” हा प्रश्न पहिला विचारूं नये. पहिला प्रश्न असा, कीं शस्त्रक्रिया करावयाचीच कां, आणि न केली तर काय होईल? दुसरा, आमच्या माणसाची कातडी, वय, मधुमेह, तंबाखूची संवय पाहतां जखम भरून येण्यास अडचण किती? तिसरा, साचा वापरला तर या विशिष्ट हाडांत नेमकी कोणती चूक टळेल? आणि चौथा, साचा ऐन वेळीं नीट बसला नाहीं, तर त्यावांचून काम पुरें करण्याची तयारी आहे ना? चौथ्या प्रश्नाचें उत्तर ज्याच्यापाशीं तयार असतें, त्याच्या हातीं साचा शोभतो. धूम्रपान करणाऱ्याच्या टांचेची जखम चिघळण्याचा संभव अधिक असतो. म्हणून दुसरा प्रश्न विचारतांना घरांत कोणीं कांहीं लपवूं नये.

नानांच्या घरीं यंदाही गणपति आले. प्रसादाच्या पानावर आत्याबाईंनीं सर्जनना आवर्जून बोलाविलें होतें. मोदक वाढतां वाढतां त्या म्हणाल्या, “तुमच्या साच्यावर माझा आतां विश्वास बसला, पण एक सांगतें. साचा कितीही सुबक असला, तरी उकड नीट मळली नाहीं तर मोदक फुटतोच.” डॉक्टर म्हणाले, “आत्याबाई, आमच्या विद्यार्थ्यांना मी हेंच सांगत असतों.”

मखर मात्र त्या घरांत आतां माळ्यावर ठेवीत नाहींत. तें खालच्या कपाटांत असतें. ज्या घरांत तें अजून माळ्यावर असेल, तेथें निदान शिडी धरण्यास खालीं एक माणूस उभा राहावा, आणि फरशी आधीं पुसून कोरडी करावी, एवढी विनंती आम्ही आमच्या वाचकांस करतों.